बारा चाळींवरून

“तू हो पुढं. मला गाडी लागते. मी येते मागनं चालत.”

आईचा हा आवाज अजून कानात आहे. बसथांब्यापर्यंत यायची, डोक्यावरची टोपली एका हातानं सावरायची, दुसऱ्या हातानं माझी वेणी पाठीवर टाकायची आणि एवढं बोलून वळायची. टोपलीत आदल्या दिवशी वळलेल्या विड्या, दोऱ्यानं बांधलेल्या जुड्या, वर धुतलेलं फडकं. विड्या जमा करायचा कारखाना आमच्या बारा चाळींपासून साडेतीन किलोमीटर. माझी शाळा त्याच्या थोडी पुढे. सहावीपर्यंत आम्ही दोघी एकाच बसनं जायचो. सातवीत तिला गाडी लागायला लागली. मग मी खिडकीत आणि ती रस्त्याच्या कडेनं. बस तिला मागे टाकायची तेव्हा ती कधी वर बघायची नाही. नुसता पदर हलताना दिसायचा.

पंधरा वर्षांनी मी एका मोठ्या टेबलाशी उभी होते आणि त्याच रस्त्याचं काय करायचं ते ठरत होतं.

आमच्या शहरात लाइट रेल येणार होती. लोक तिला ट्रामच म्हणायचे. रस्त्यातूनच रूळ, दोन डब्यांची गाडी, पायरी जमिनीला टेकलेली. प्रकल्प कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर दोन रेघा. लाल रेघ बाहेरच्या वळण-रस्त्यानं जाणारी: रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना नव्या वसाहती, दोन कॉलेजं, एक मॉल. हिरवी रेघ स्टेशनपासून विडी कारखान्यावरून, सरकारी दवाखान्यावरून, बंद गिरणीवरून बारा चाळींत शिरणारी. पैसे एकाच रेघेपुरते होते. लाल की हिरवी, ते आठ दिवसांत समितीपुढे सांगायचं होतं.

मी तिथली सर्वांत नवी इंजिनिअर. गळ्यात ओळखपत्र: सारिका म्हेत्रे. राहायला वळण-रस्त्याजवळ एक खोली. बारा चाळींतली आहे हे मी लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

“हिरवीचा विषय संपला,” टिळेकर म्हणाला. पुण्याच्या सल्लागार कंपनीकडून आलेला, हुशार, चटपटीत, मनानं वाईट नव्हता. त्यानं घरोघर भरून घेतलेल्या फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “बारा चाळींत सहाशे चाळीस बायकांना विचारलं, रोज कुठे जाता? पाचशेच्या वर बायका म्हणतात, घरीच असते. पुढचा प्रश्न, बस का वापरत नाही? चारशे अकरा बायकांचं एकच उत्तर.” त्यानं ओठ दाबून हसू आवरलं. “गाडी लागते.”

“सगळ्यांना?” कुणीतरी विचारलं.

“अख्ख्या वस्तीला! तिथं ट्राम नको, लिंबू आणि ओव्याचा ठेला टाकू. तुफान चालेल.”

सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसू मला अजून आठवतं. दात दिसतील इतकंच, बरोबर मोजून.

एक माणूस हसला नाही. नजीर मकानदार. मार्ग-आखणीचे प्रमुख, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. बारीक अंगाचे, हातात बारमाही काळी छत्री. त्यांनी गठ्ठ्यातला एक फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ नेला, परत ठेवला.

“टिळेकर, चारशे अकरा माणसं एकच उत्तर देतात तेव्हा उत्तर तपासायचं की प्रश्न?”

“साहेब, प्रश्न प्रमाणित आहे. सगळीकडे हाच वापरतात.”

“असेल. म्हेत्रे, उद्या सकाळी सहाला गिरणीच्या फाटकाशी या. चालायच्या चपला घालून.”

मकानदार साहेबांची ही जुनी रीत होती. कागदावर रेघ मारायच्या आधी ते ती चालून बघायचे. ऑफिसातली तरुण मंडळी त्याची चेष्टा करायची, पण त्यांनी आखलेल्या एकाही रस्त्यावर पुन्हा खोदकाम झालं नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं.

सकाळी सहाला गिरणीचं फाटक. गिरणी बंद होऊन वीस वर्षं झालेली, नुसती लांबच लांब दगडी भिंत उभी. भिंतीलगतची पायवाट गुळगुळीत झालेली. फाटकाजवळच्या लिंबाखाली नागनाथमामा चपला शिवायला बसायचे. मी लहान असल्यापासून तिथेच. मी ओढणी कपाळावर ओढून घेतली.

साहेब त्यांच्यासमोर उकिडवे बसले. “मामा, दुरुस्तीला जास्त चपला कुणाच्या येतात? बापयांच्या का बायांच्या?”

“बायांच्या.” मामांनी दोरा दातानं तोडला. “बापय सायकलीवर जातेत. त्येंचं पायताण मरंस्तवर टिकतंय.”

“पण बायका तर घरीच असतात म्हणे.”

मामांनी मान वर केली. साहेबांकडे बघितलं आणि खो खो हसत सुटले. “कोण म्हनलं? ह्या बगा टाचा.” त्यांनी पोत्यातनं आठ-दहा चपला समोर ओतल्या. सगळ्यांच्या टाचा बाहेरच्या अंगानं झिजलेल्या. “डोक्यावर वजन असलं की टाच अशी जाते. घरात बसून न्हाई जात.”

साहेब बराच वेळ त्या टाचांकडे बघत राहिले, एखादं जुनं लिखाण वाचावं तसे. मग खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या हातातल्या कोऱ्या फॉर्मवर ‘रोज कुठे जाता?’ यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं: ‘चप्पल किती महिने टिकते?’

त्या एका प्रश्नानं दारं उघडली.

पहिल्या चाळीत शेवंताबाई होती, आवाजानं खणखणीत. ओढणीआडून मी तिला ओळखू आले नाही. “तीन म्हैने,” ती म्हणाली आणि स्वतःच थबकली. “आता तुम्ही इचारनार, घरी बसून कशी झिजते. व्हय ना?”

“नाही विचारत,” साहेब म्हणाले. “तुम्हीच सांगाल.”

“जाणं म्हंजे काय साहेब? गावाला जाणं, लग्नाला जाणं. कारखान्याला काय कुणी जातं व्हय? ते नुसतं विड्या टाकून यायचं असतं.” तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. कारखाना, दवाखाना, पोराची शाळा, रेशन. बोटं संपली तेव्हा तीही चकित झाली. शेजारच्या बायका गोळा झाल्या. कुणी म्हणालं, माझी दोन म्हैने. कुणी म्हणालं, माझ्या चपलेला टायर ठोकलाय, तिला सोडा.

“आणि बसनं का नाही जात?” मी विचारलं.

शेवंताबाईच बोलली, आवाज उतरवून. “आमी चढलो की नाकाला रुमाल लागतेत, बाई. तंबाखूचा वास जात न्हाई अंगाचा. कितीबी साबण लावा. कंडक्टर म्हनतो, टोपली खाली उतरवा. टोपली उतरली की आमीबी उतरतो. आता हे फारमात कसं लिवायचं? म्हनून सांगतो, गाडी लागते.”

कोपऱ्यातली एक म्हातारी हलकेच गुणगुणली. विड्या वळताना बायका गातात तशी, मान न हलवता:

डोईवर गं टोपली, खाली उन्हाचा निखारा
बाई मी चालताना, माझ्या पदराचा वारा

गिरणीच्या गं वाटेला, माझ्या टाचेचा ठसा
सांगते बाई तुला, दगड लोण्याचा जसा

साहेबांनी छत्री बगलेत धरून ती ओवी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतली. मी मात्र पुढच्या चाळी मोजत होते. दोन, तीन, चार. नऊ नंबर जवळ येत होती.

“साहेब, नऊ नंबर टिळेकरांच्या माणसांनी केली आहे.”

“सगळ्याच केल्यात. आपण पुन्हा करतोय ना?”

नऊ नंबर चाळ, सतरावी खोली. आई उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली. बोटं चाललेली. पान, चिमूट, वळी, दोरा. आमची सावली पडली तशी तिनं वर बघितलं. आधी माझ्याकडे. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. मग छत्रीवाल्या साहेबांकडे.

ही माझी आई. एवढंच म्हणायचं होतं. मी हातातले फॉर्म चाळत राहिले. आई एक क्षणभर वाट बघत होती, ते मला दिसलं. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला.

“या की, साहेब. बाई, तुम्ही पण या. आत ऊन न्हाई.”

मला ‘तुम्ही’ म्हणाली.

मी तिच्यासमोर चटईवर बसले, ज्या चटईवर मी बाराखडी गिरवली होती. फॉर्म नंबर दोनशे त्रेसष्ट, टिळेकरच्या गठ्ठ्यात या खोलीचा होता तोच. नाव विचारलं. गजराबाई म्हेत्रे, ती म्हणाली. मी ते नाव तिच्यासमोर लिहिलं.

“मावशी, रोज कुठं कुठं जाणं होतं?” साहेबांनी मुद्दाम जुनाच प्रश्न विचारला.

“मी कुठं जाते? घरीच असते की.”

“बसनं?”

“गाडी लागते मला.”

“बरं. चप्पल किती टिकते?”

आई हसली. “साहेब, रस्ता काढाय आलाय का चपला इकाय?”

“चपलांचाच रस्ता काढायला आलोय.”

“मग लिवा, अडीच म्हैने.” तिची बोटं थांबली नाहीत. “साडेतीन जायचं, साडेतीन यायचं. सासूबाई हुत्या तवा दवाखानाबी हुता. दीड आन् दीड. बारा-पंधरा वरसं झाली.”

“म्हणजे तेव्हा रोज दहा किलोमीटर. कधी मोजलं होतं?”

“कुणी मोजायचं?”

“ह्या बाई मोजतायत,” साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, “मोजा, बाई. नीट मोजा.” त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“घरात आणि कोण?”

“एक लेक हाय. शिकली. मोठ्या हापिसात हाय.”

“येते का भेटायला?”

“येती की. दर रविवारी. लई गुणाची हाय.” हे बोलताना मात्र ती सुपाकडेच बघत होती.

मग ती उठली. साहेबांना तांब्या-पेला दिला. मला पेला दिला आणि माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. उन्हातून आलं की नुसतं पाणी मला बाधतं, हे तिच्या हाताला पाठ होतं. साहेबांना गूळ द्यायचा ती विसरली. दारी आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत आईची अशी चूक मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

बाहेर आलो. चाळीच्या टोकाला साहेब थांबले. मग छत्री उघडताना म्हणाले, “म्हेत्रे, हाताला गूळ लागलाय. पुसून घ्या, कागद चिकटतील.”

पुढचे चार दिवस आम्ही गिरणीच्या फाटकाशी उभं राहून मोजणी केली. सकाळी सहा ते नऊ. पाच बायका झाल्या की एक आडवी रेघ. पहिल्या सकाळी बारा चाळी आणि पलीकडच्या वस्त्या मिळून दोन हजार तीनशे चाळीस बायका टोपली घेऊन माझ्यासमोरून गेल्या. घरीच असणाऱ्या बायका! त्यांची चाल मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती. मान स्थिर, कंबर हलकी, पाय असे पडत की जणू खाली रूळ आहेत. आई रोज सात वाजून दहा मिनिटांनी जायची. चारही दिवस गेली. मी रेघ मारायचे. ती बघायची नाही.

समितीची बैठक. टेबलाच्या टोकाला आयुक्तबाई, बोलायच्या कमी. टिळेकरनं लाल रेघ छान मांडली. रुंदी भरपूर, पाडापाड शून्य, वाढ निश्चित. मग पडद्यावर ‘गाडी लागते’ आलं आणि दालनात हसू पसरलं.

“मकानदार,” आयुक्तबाई म्हणाल्या, “तुमच्या टिपणात चपला आहेत. चपलांवरून मार्ग ठरवायचा?”

“मॅडम, हे काम म्हेत्रेंनी केलंय. त्याच सांगतील.” आणि ते खाली बसले. मला आधी काही न सांगता.

मी उभी राहिले. मोजणी सांगितली. गिरणीपाशी रस्ता नऊच मीटर आहे, पण तिथे घरं नाहीत, नुसती भिंत आहे; ती मागे सरकवली आणि तीनशे मीटर एकेरी रूळ ठेवला तर हिरवी रेघ एकही घर न पाडता बसते, हे दाखवलं. आवाज नीट निघत होता.

टिळेकरनं हात वर केला. त्याची शंका रास्त होती. “आकडे मान्य. बायका चालतात, मान्य. पण त्या ट्राममध्ये बसतील कशावरून? बस आहेच ना तिथे. त्याच सांगतात, गाडी लागते. चारशे अकरा सह्या-अंगठे आहेत खाली. कोट्यवधींचे रूळ टाकायचे आणि त्या शेजारून चालतच राहिल्या तर?”

सगळं तिथे येऊन थांबलं. आयुक्तबाईंनी पेन खाली ठेवलं. मी मकानदार साहेबांकडे बघितलं. ते छत्रीच्या मुठीवरची धूळ पुसत होते.

“फॉर्म नंबर दोनशे त्रेसष्ट,” मी म्हणाले. “गजराबाई म्हेत्रे. ती माझी आई आहे.”

टिळेकरनं गठ्ठ्यात तो फॉर्म शोधायला घेतला.

“नऊ नंबर चाळीत मी वाढले. पाच-सहा दिवसांपूर्वी मी तिच्या दारात फॉर्म भरायला गेले आणि तिला ओळख दाखवली नाही. तिनं मला सांभाळून घेतलं, बाई म्हणाली. ही माणसं अशी आहेत, मॅडम. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून खोटं सांगतात. अंगाला तंबाखूचा वास येतो, लोक नाकाला रुमाल लावतात. ते फॉर्मात लिहिता येत नाही म्हणून लिहितात, गाडी लागते. ज्या गाडीत दाराशी टोपली ठेवायला फळी असेल आणि ती उतरवा असं कुणी म्हणणार नाही, त्या गाडीत त्या बसतील. नाही बसल्या तर पहिली चूक माझ्या नावावर लिहा.”

आयुक्तबाईंनी पेन पुन्हा हातात घेतलं. मग विचारलं, “ती भिंत कुणाच्या मालकीची आहे?”

तेव्हा मला कळलं, हिरवी झाली.

जिन्यात टिळेकर माझ्या मागून आला. “ते ओव्याच्या ठेल्याचं बोललो मी… सॉरी.”

“मीही हसले होते,” मी म्हणाले.

मकानदार साहेब खाली फाटकाशी उभे होते. “तुम्हाला कधी कळलं, साहेब?”

“मला गूळ मिळाला नाही तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमच्या आईनं झाकलेलं मी कशाला उघडू?” छत्री उघडून ते चालू पडले.

त्या रविवारी मी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती विड्या वळत राहिली. मी रडून घेतलं तेव्हा म्हणाली, “मोठ्या सायबांपुढं माझं नाव घेतलंस? पुरं नाव?” “पुरं.” “बरं केलंस,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. बसचं मात्र मी तिला विचारलं नाही. एक जुनी गोष्ट होती, ती विचारण्यातून वर येईल अशी धास्ती होती.

रूळ पडायला सहा वर्षं लागली. उद्घाटनाचा मांडव उतरला, हार सुकले, त्यानंतरच्या बुधवारी मी आईला घेऊन बारा चाळींच्या थांब्यावर गेले. शेवंताबाई होती, शाळेतल्या मुली होत्या, टोपल्याच टोपल्या होत्या. गाडी आली. पायरी जमिनीला टेकलेली. आईनं आधी पाऊल ठेवून दाबून बघितलं, मग चढली. दाराशी मी आखलेली फळी. तिनं टोपली तिच्यावर ठेवली, दोनदा हलवून बघितली आणि खिडकीशी बसली.

समोर गणवेशातल्या दोन मुली बसल्या. डब्यात तंबाखूचा वास होता, भरपूर. कुणी नाक वळवलं नाही. अर्धा डबा त्याच वासाचा होता.

गाडी सुटली तसं मी पर्समधून लिंबू आणि ओव्याची पुडी काढली.

“हे काय गं?”

“लिंबू. तुला गाडी लागते ना.”

आईनं लिंबू हातात घेतलं, हुंगलं आणि परत माझ्या पर्समध्ये ठेवून चेन लावली. बाहेर गिरणीची भिंत मागे सरकून उभी होती आणि तिच्या कडेनं ती गुळगुळीत पायवाट पळत होती. आई तिच्याकडेच बघत बोलली.

“मला कधीच गाडी लागली न्हाई, सारे. सातवीत तुझ्या वर्गातल्या पोरी चढल्या. एकजण म्हनली, कसला वास येतोय गं. तू उठलीस आन् त्यांच्यापाशी जाऊन बसलीस. मी टोपली बाकाखाली सारत हुते. तुला वाटलं, आईनं बघितलं न्हाई. मी बघितलं हुतं. म्हटलं, पोरीला मोकळं जाऊ द्यावं. आपल्याला काय, पाय हायेत की.”